बंद घराचे वारस

गणेशचतुर्थीच्या आधीं दोन दिवस राजापूर तालुक्यांतील अनेक घरांचीं कुलुपें निघतात. मुंबईहून आलेलीं माणसें अंगणांतलें गवत काढतात, ओटी झाडून घेतात, माळ्यावरची समई घासतात. आणि पांच, सात किंवा अकरा दिवसांनीं मूर्ति पाण्यांत सोडली कीं तेंच कुलूप पुन्हां दारास लागतें. मधल्या दिवसांत, दुपारचें जेवण आटोपल्यावर, एक प्रश्न दरवर्षीं निघतो: घराचें पुढें काय करायचें? कोणी म्हणतो, कौलें बदललीं पाहिजेत. कोणी म्हणतो, मागची भिंत यंदाचा पावसाळा काढणार नाहीं. खर्च कोणीं करावा हें ठरत नाहीं, कारण घर कोणाचें हेंच ठरलेलें नसतें. शहरांत नगर भूमापनाच्या मिळकतपत्रिकेवर, किंवा खेड्यांत ग्रामपंचायतीच्या घरपत्रकावर, नांव असतें तें आजोबांचें. आणि आजोबांस जाऊन साठ वर्षें झालेलीं असतात. जांभ्या दगडाची भिंत पिढ्यान् पिढ्या उभी राहते. परंतु ज्या घरास मालक पुष्कळ आणि जबाबदार कोणीच नाहीं, त्याचें छप्पर फार पावसाळे सोसत नाहीं.

या प्रश्नाभोंवतीं दोन समजुती घट्ट बसलेल्या आढळतात. पहिली अशी कीं, वडिलांनीं मृत्युपत्र करून ठेवलें म्हणजे घराचा निकाल लागला. दुसरी अशी कीं, कोर्टांतून प्रोबेट आणल्यावांचून घराविषयीं कांहींच करतां येत नाहीं. दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत, आणि त्यांवर विसंबून राहिल्यानेंच कामें वर्षानुवर्षें खोळंबतात. म्हणून प्रथम प्रोबेट म्हणजे काय, तें कोणास लागतें आणि त्यानें काय साधतें, हें पाहणें अवश्य आहे.

मृत्युपत्र खरें असल्याबद्दल न्यायालयानें दिलेला दाखला तो प्रोबेट. मृत्युपत्राची न्यायालयाच्या शिक्क्याची प्रत, आणि तिच्यासोबत मृताच्या मिळकतीची व्यवस्था पाहण्याचा अधिकार, असें त्याचें स्वरूप असतें. हा अधिकार मृत्युपत्रांत नेमलेल्या एक्झिक्युटरासच मिळतो. मग तो मुलगा असो, जांवई असो कीं घरोब्याचा स्नेही असो. मृत्युपत्रांत कोणाचीच नेमणूक नसेल, तर न्यायालय मृत्युपत्र जोडलेलें व्यवस्थापत्र देतें. आणि मृत्युपत्रच नसेल, तर नुसतें व्यवस्थापत्र देतें. कागद तीन असले तरी हेतु एकच आहे. गेलेल्या माणसाचें देणें द्यावयास, येणें घ्यावयास आणि उरेल तें वांटावयास कायद्याच्या दृष्टीनें कोणी तरी उभें राहिलें पाहिजे.

हें प्रोबेट राजापूरच्या घरास लागतें काय? याचें उत्तर दीडशें वर्षांच्या इतिहासांत सांपडतें. मृत्युपत्रांचे इंग्रजी धर्तीचे नियम हिंदूंस प्रथम लावले ते १८७० च्या हिंदु विल्स ॲक्टानें. पण ते बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नराच्या मुलखापुरते आणि मद्रास व मुंबई या दोन शहरांपुरते. तोच भेद पुढें १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ५७ व २१३ या कलमांत उतरला. त्यामुळें मुंबई शहराच्या हद्दींत केलेलें, किंवा त्या हद्दींतील स्थावराविषयीं केलेलें हिंदूचें मृत्युपत्र प्रोबेटावांचून हक्काचा आधार म्हणून न्यायालयांत चालत नसे. उलट, राजापुरांत बसून राजापूरच्याच घराविषयीं केलेल्या मृत्युपत्रास प्रोबेटाची सक्ति नव्हती. एकाच गृहस्थानें एकाच कागदांत राजापूरचें घर आणि गिरगांवांतील सदनिका या दोहोंची व्यवस्था लावली, तर मात्र त्या कागदास मुंबईची वाट धरावी लागे. कोंकणांतील कित्येक चाकरमानी कुटुंबांची नेमकी हीच स्थिति होती.

डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें कलम २१३ च वगळलें आणि मुंबईची ही सक्तिहि संपली. सक्ति गेली, तरी सोय राहिली आहे. जेथें मृत्युपत्राबद्दल वारसांत मतभेद आहे, किंवा एखादा भाऊ सहीबद्दल शंका घेत आहे, तेथें आपखुशीनें घेतलेलें प्रोबेट आजहि उपयोगी पडतें. कारण त्यानें मृत्युपत्राच्या खरेपणाचा प्रश्न एकदांचा मिटतो.

सक्ति नव्हती म्हणून राजापूरचें मृत्युपत्र कसेंहि लिहिलें तरी चालतें, असें मात्र नाहीं. १ जानेवारी १९२७ पासून कोणत्याहि हिंदूचें मृत्युपत्र, मग तें मुंबईचें असो वा आडिवऱ्याचें, लेखी असावें लागतें. त्यावर करणाराची सही अथवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्या लागतात. नोंदणी ऐच्छिक आहे. तथापि दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नोंदलेल्या कागदाची प्रत पुढेंमागें हातीं लागते. ट्रंकेंत ठेवलेल्या कागदाची तशी खात्री देतां येत नाहीं. साक्षीदार निवडतांनाहि विचार हवा. मृत्युपत्र न्यायालयांत सिद्ध करावयाचें झाल्यास, हयात असलेल्या साक्षीदारांपैकीं निदान एकास तेथें उभें करावें लागतें. सत्तरीच्या गृहस्थानें सत्तरीच्याच दोन मित्रांच्या सह्या घेतल्या, तर गरज पडेल त्या वेळीं साक्ष द्यावयास कोण उरलें असेल, हें सांगणें कठीण.

प्रोबेटाचा अर्ज जिल्हा न्यायाधीशाकडे करावयाचा असतो. राजापूरकरांस त्यासाठीं रत्नागिरी गांठावी लागते. अर्जासोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मिळकतीची अंदाजी किंमत आणि जवळच्या नातेवाइकांचीं नांवें व पत्ते द्यावे लागतात. मृत्यूस सात दिवस होईपर्यंत प्रोबेट, आणि चौदा दिवस होईपर्यंत व्यवस्थापत्र, देतां येत नाहीं. न्यायालय हितसंबंधी माणसांस नोटिसा काढतें. कोणीं हरकत घेतली नाहीं, तर काम सरळ पुढें जातें. हरकत आली, तर अर्जाचें रूपांतर दाव्यांत होतें आणि मग साक्षीपुरावे सुरू होतात. निकालावर नाराज असणाऱ्या पक्षास पूर्वीं मुंबईच्या हायकोर्टांत जावें लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचें पीठ कोल्हापुरास बसूं लागल्यानें रत्नागिरी जिल्ह्याचीं अपिलें आतां तेथें चालतात.

प्रोबेट हातीं आल्यावर एक्झिक्युटराचें काम संपत नाहीं. तें तेव्हां सुरू होतें. सहा महिन्यांच्या आंत मिळकतीची यादी आणि एका वर्षाच्या आंत जमाखर्चाचा हिशेब न्यायालयांत दाखल करावा, असा नियम आहे. देण्याचा क्रमहि कायद्यानें लावून दिला आहे. आधीं अंत्यविधीचा व शेवटच्या आजाराचा वाजवी खर्च. मग प्रोबेटाचा खर्च. मग मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत ज्या मजुरानें, कारागिरानें वा घरगड्यानें सेवा केली त्याची थकलेली मजुरी. त्यानंतर इतर कर्जें. आणि हें सर्व भागल्यावर मृत्युपत्रांतील देणग्या. घरावर सोसायटीचें किंवा बँकेचें कर्ज असतां तें न पाहतां भिंती वांटून घेणें म्हणजे पुढील तंट्यास आमंत्रण देणें होय.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेण्याजोगी आहे. प्रोबेट देतांना न्यायालय एवढेंच पाहतें कीं, कागद रीतसर झालेला आहे काय, आणि करणारा त्या वेळीं शुद्धीवर व कोणाच्या दडपणावांचून होता काय. घर त्याचें होतें काय, हें न्यायालय त्या कामांत ठरवीत नाहीं. जें आपलें नाहीं तें कोणासहि मृत्युपत्रानें देतां येत नाहीं. आजोबांच्या नांवचें, कधींच न वांटलेलें घर एका मुलानें आपल्या मृत्युपत्रांत सबंध आपल्या पत्नीस लिहून दिलें, आणि त्यास प्रोबेटहि मिळालें, तरी पत्नीच्या पदरांत पडतो तो त्या मुलाचा हिस्सा, घर नव्हे. कोंकणांतील बहुतेक अडचणींचें मूळ या ठिकाणीं आहे. तेथें अडतें तें प्रोबेटावर क्वचित्, आणि न झालेल्या वांटणीवर नेहमीं.

मृत्युपत्र नसलें म्हणजे हिस्से कसे पडतात, हें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एका गृहस्थानें स्वकमाईनें बांधलेलें घर मागें ठेवून १९६२ सालीं देह ठेवला. मागें पत्नी, तीन मुलगे व दोन मुली. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याप्रमाणें या सहा जणांस प्रत्येकीं एक-षष्ठांश मिळाला. पुढें आई वारली. तिचा हिस्सा पांचही मुलांत समान गेला, आणि प्रत्येकाचा वांटा एक-पंचमांश झाला. या पांचही जणांच्या मागें चार चार वारस राहिले असें धरलें, तर आज वीस वारस आणि प्रत्येकाचा एक-विसांश हिस्सा. त्यांतील एक जण वारून त्याच्या मागें तिघे राहिले, तर त्या तिघांचे एक-साठांश. जुन्या सातबाऱ्यांत हिस्से आण्या-पैंत लिहीत. एक-विसांश म्हणजे पुरता एक आणाहि होत नाहीं. यांपैकीं दोघे पुण्यास, एक परदेशांत, एकाचा पत्ता नाहीं. आणि कौलांचा खर्च मात्र सर्वांनीं मिळून ठरवावयाचा! प्रत्येक मृत्यूगणिक सह्यांची संख्या वाढते, आणि प्रत्येक वर्षागणिक त्या जमण्याचा संभव कमी होतो.

या गणितांत मुलींचा वांटा धरलेला पाहून अजूनहि कांहीं वडीलधाऱ्यांस नवल वाटतें. जुन्या हिंदु कायद्याच्या काळीं रत्नागिरी जिल्ह्यांत मिताक्षरेचें प्रामाण्य चाले, तर उत्तर कोंकणांत व मुंबई बेटांत नीलकंठभट्टाच्या व्यवहारमयूखास अधिक मान असे. त्या मयूखाची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करणारे भारतरत्न पांडुरंग वामन काणे हे रत्नागिरी जिल्ह्याचेच सुपुत्र. एकत्र कुटुंबाच्या घरांत पुत्रांस जन्मतःच हक्क आणि स्त्रियांस केवळ पोटगी व निवारा, हा त्या व्यवस्थेचा सामान्य कल होता. डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नानें झालेल्या १९३७ च्या कायद्यानें विधवेस मुलाइतका वांटा दिला, पण तो तिच्या हयातीपुरता. १९५६ च्या कायद्यानें स्त्रीची मालकी पूर्ण केली आणि मुलीस वारस ठरविलें.

तरीहि राहत्या घरापुरती एक फट तशीच राहिली होती. त्या कायद्याच्या कलम २३ अन्वयें, कुटुंब ज्या घरांत राहतें तें घर वांटून मागण्याचा अधिकार मुलीस नव्हता. भाऊ वांटणी करतील तेव्हां तिनें आपला हिस्सा घ्यावयाचा. राहण्याचा हक्कहि अविवाहित, विधवा, टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या मुलीसच. ९ सप्टेंबर २००५ रोजीं हें कलम गेलें, आणि त्याच दिवसापासून वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत मुलगी मुलाप्रमाणें जन्मतः हिस्सेदार झाली. त्या दिवशीं वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क तिला आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२० मध्यें विनीता शर्मा यांच्या खटल्यांत सांगितलें. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वांटण्या मात्र त्यामुळें उलटत नाहींत. सारांश, माहेरवाशिणीची सही नसलेला वांटणीचा कागद आज पुरा कागद नव्हे.

राजापूर हें जुनें बंदर, आणि तेथें मुसलमान घराणींहि पूर्वापार नांदत आलेलीं आहेत. त्यांचा वारसा शरीयतीप्रमाणें चालतो. मृत्युपत्रानें देतां येतो तो देणीं व अंत्यविधीचा खर्च वजा जातां उरलेल्या मिळकतीचा एक-तृतीयांश; त्याहून अधिक द्यावयाचें असेल, तर वारसांची संमति लागते. मुलीचा वांटा मुलाच्या निम्मा असला तरी तो निश्चित असतो. मुसलमानांच्या मृत्युपत्रास प्रोबेटाची सक्ति पूर्वींहि नव्हती.

आतां कागदांकडे वळावें. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आंत करून दाखला घेणें ही पहिली पायरी. बँकेंतील ठेवी, रोखे, येणें यांसाठीं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितलें जातें. घरासारख्या स्थावराच्या बाबतींत, वारस कोण हें न्यायालयाकडून ठरवून घ्यावयाचें असेल, तर महाराष्ट्रांत वारसाचा दाखला मिळतो. आणि त्याचा आधार आहे १८२७ चा मुंबईचा आठवा रेग्युलेशन. जवळ जवळ दोनशें वर्षांचा हा नियम आजहि चालतो. याखेरीज वारस-नामनिर्देशनाविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगांवकर यांच्या पश्चात् निघालेल्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२३ मध्यें रोख्यांविषयीं हेंच पुन्हां स्पष्ट केलें: नॉमिनी हा वारसांच्या वतीनें मिळकत स्वीकारणारा, तिची मालकी उत्तराधिकाराच्या कायद्याप्रमाणेंच ठरते. तसेंच कुलमुखत्यारपत्र देणारा वारला कीं सामान्यतः तें पत्रहि संपतें. मृत वडिलांच्या मुखत्यारपत्रावर पुढें चालविलेला व्यवहार टिकत नाहीं.

वारसांची नोंद महसुलाच्या दप्तरांत करणें ही यापुढील पायरी. जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणें वारसाहक्कानें मिळालेल्या अधिकाराची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यावी लागते. या तलाठ्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. वारसांचीं नांवें गांव नमुना सहा-क मध्यें चढतात, फेरफार लिहिला जातो, हितसंबंधितांस नोटीस निघते, आणि हरकत नसल्यास सातबारा बदलतो. राजापूर शहरांत हेंच काम मिळकतपत्रिकेवर होतें, आणि नगरपरिषदेच्या कराच्या पुस्तकांतलें नांव निराळें बदलून घ्यावें लागतें. मृतांचीं नांवें सातबाऱ्यावरून काढून वारसांचीं लावण्यासाठीं शासनानें २०२५ सालीं ‘जिवंत सातबारा’ नांवाची मोहीम काढली. हीं नांवें किती काळ तशींच पडून होतीं, याची ही सरकारी कबुलीच म्हणावयाची.

परंतु नोंद म्हणजे हक्क नव्हे. घरपट्टी कोण भरतो, एवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाहीं. आणि एका भावाचेंच नांव चढलें म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाहीं. उलट, हक्क असून नोंद नसेल, तर कर्ज मिळत नाहीं, दुरुस्तीचा परवाना अडतो, आणि मुंबई-गोवा महामार्गासारख्या कामासाठीं जमीन गेली तर मोबदल्याच्या वेळीं तंटा उभा राहतो. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्याप्रमाणें, हिस्स्यांविषयीं वाद असल्यास तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा लागतो. घर शाबूत राहावयाचें, तर हक्क आणि नोंद हीं दोन्हीं एका ठिकाणीं आलीं पाहिजेत.

हें जुळवून आणण्याचे मार्ग थोडेच आहेत. ज्यास घर हवें त्यानें इतरांचे हिस्से विकत घ्यावे, किंवा इतरांनीं आपखुशीनें हक्कसोडपत्र करून द्यावें. शंभर रुपये वा अधिक किंमतीच्या स्थावरावरील हक्क सोडणारा कागद नोंदलेलाच असावा लागतो. साध्या कागदावरील सहीनें बहिणीचा हक्क सुटत नाहीं. पूर्वींच तोंडी झालेल्या कौटुंबिक तडजोडीची केवळ आठवण म्हणून लिहिलेली यादी नोंदणीवांचून चालते. पण ती यादीच वांटणी करीत असेल, तर नोंदणी हवी, आणि हा भेद वकिलास विचारूनच ठरवावा. घर वांटण्याजोगें नसेल, म्हणजे ओटी एकास, माजघर दुसऱ्यास आणि विहीर सर्वांस अशी पाळी येणार असेल, तर तें एकत्रच ठेवून खर्चाचे, राहण्याच्या दिवसांचे आणि देवघराच्या व्यवस्थेचे नियम लिहून काढणें बरें.

रागाच्या भरांत एखादा हिस्सेदार आपला वांटा परक्यास विकतो. अशा वेळीं कायदा कुटुंबास सर्वस्वीं उघड्यावर टाकीत नाहीं. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरांतील हिस्सा घेणाऱ्या परक्यास, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें, घरांत येऊन एकत्र राहण्याचा अधिकार मिळत नाहीं. त्यानें वांटणीचा दावा लावला, तर १८९३ च्या वांटणी कायद्याप्रमाणें कुटुंबांतील हिस्सेदारास न्यायालयानें ठरविलेल्या किंमतीस तो हिस्सा परत घेतां येतो. १९५६ च्या कायद्यानेंहि, वडिलांच्या मागें एकत्र वारस झालेल्या भावाबहिणींस एकमेकांचा वांटा आधीं मागण्याचा अधिकार दिला आहे. मात्र हे सर्व हक्क मागावे लागतात, आणि मागण्यासाठीं आपले हिस्से आधीं ठाऊक असावे लागतात.

शेवटचा मार्ग वांटणीच्या दाव्याचा. त्यांत प्रथम हिस्से ठरविणारा हुकूमनामा होतो. नंतर प्रत्यक्ष मोजून वांटणी. आणि घर वांटतां येत नसेल, तर विक्रीहि होऊं शकते. दावा चालू असतां कौलें कोणी बदलीत नाहीं. निकाल लागतो तेव्हां वांटावयास पुष्कळदां भिंती उरलेल्या असतात, किंवा नुसतें जोतें.

म्हणून चतुर्थीच्या त्या चार दिवसांत, सर्व मंडळी एका छपराखालीं असतांना, कांहीं कामें उरकून घ्यावीं. घरांतील सर्वांत वृद्ध माणसाच्या तोंडून वंशावळ लिहून घ्यावी. तींत मुलीबाळी, परदेशीं गेलेले आणि अबोला धरलेले असे सर्व धरावे. कोणत्या भिंतीपलीकडे चुलत्याची हद्द लागते, विहिरीवर कोणाचा हक्क, हें त्या माणसासच ठाऊक असतें; तो गेला म्हणजे ही माहिती कोणत्याहि कचेरींत मिळत नाहीं. मिळकतपत्रिका, सातबारा व घरपत्रक यांचे ताजे उतारे काढावे. कोणाचें मृत्युपत्र नोंदलेलें आहे काय, हें दुय्यम निबंधकाकडे चौकशी करून पहावें. मग वारसनोंदीचा अर्ज द्यावा, आणि घर कोणीं ठेवावें व इतरांस काय मिळावें, हें बहिणींसमक्ष बोलून नोंदलेल्या कागदांत उतरवावें.

ज्याच्या नांवावर घर आहे त्या हयात गृहस्थाकडे तर एक सोपें काम आहे. त्यानें आपलें मृत्युपत्र आजच करावें. त्यांत आपला हिस्सा किती हें स्पष्ट लिहावें, एक्झिक्युटर नेमावा, आणि कागद कोठें ठेवला आहे हें मुलांइतकेंच मुलींनाहि सांगून ठेवावें. वीस वारसांच्या सह्या गोळा करण्यापेक्षां एका माणसाची सही मिळविणें केव्हांहि सोपें असतें.